कौल

नागपूरहून पूर्वेकडे निघालेला लोहमार्ग वैनगंगेचे खोरे ओलांडून गोंदियास येतो, आमगाव गाठतो, आणि तेथून पुढे धानाच्या बांध्यांचा सपाट मुलूख मागे पडत जाऊन साग, बांबू आणि मोह यांचे रान दोन्ही बाजूंनी रुळांजवळ सरकू लागते. सालेकसा हे या रानाच्या तोंडाशी असलेले लहानसे स्थानक. त्यापुढचे दरेकसा तर डोंगराच्या इतके कुशीत आहे की गाडीला बोगद्यातूनच वाट काढावी लागते, आणि मग डोंगरगड, राजनांदगाव ही छत्तीसगढातील गावे येतात. १९९९ साली भंडारा जिल्ह्यातून वेगळ्या निघालेल्या गोंदिया जिल्ह्याचा हा सरहद्दीवरचा तालुका. माघ पौर्णिमेला कचारगडच्या गुहेपाशी पारी कुपार लिंगोच्या स्मरणार्थ जी यात्रा भरते, तिच्यासाठी दूरदूरच्या प्रांतांतील गोंड बांधव या स्थानकांवर उतरतात. एरवी येथे गाड्यांचा खडखडाट थांबला म्हणजे रानाचीच चाहूल ऐकू येते.

याच मार्गाने १८९३ साली नारायण वामन टिळक हे तिशी नुकतीच ओलांडलेले कवी नागपूरहून राजनांदगावास चालले होते. नागपुरात आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी काही काळ विद्याव्यासंगात घालविला होता. संस्कृतावर प्रभुत्व होते, देशाची आणि धर्माची तळमळ होती, पण पायाला स्थैर्य नव्हते, आणि आता संस्थानात काही उद्योग मिळावा या आशेने त्यांनी गाडी धरली होती. डब्यात एक युरोपीय प्रवासी होता. बोलता बोलता गोष्ट धर्मावर आली. त्या गृहस्थाने टिळकांच्या हाती नवा करार ठेवला, तो वाचण्याचा आग्रह केला, आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. त्याचे नाव टिळकांनी विचारले नाही. पुस्तक मात्र त्यांनी दिल्या शब्दाप्रमाणे वाचावयास घेतले, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरच्या प्रवचनापाशी येताच ते त्यांना खाली ठेवता येईना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

मराठी ख्रिस्ती मंडळींत ही कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते, आणि बहुधा ती त्या भाकिताच्या अद्भुतासाठी सांगितली जाते. मला तिच्यातील दुसरीच गोष्ट अधिक विचार करावयास लावते. जो तरुण गाडीत बसला होता त्याला आपण नोकरीसाठी चाललो आहोत एवढेच ठाऊक होते. ज्याने पुस्तक दिले त्याला आपल्या समोरच्या माणसाला एक पुस्तक द्यावे एवढेच सुचले होते. पुढे 'ख्रिस्तायन' लिहावयास घेणारा, मराठी उपासनेला भजनांची वाणी देणारा कवी आपण घडवीत आहोत, याची कल्पना त्या प्रवाशाला त्या डब्यात कोठून असणार? देवाची इच्छा त्या डब्यात पार पडत होती, आणि तिचा संपूर्ण आराखडा दोघांपैकी एकाच्याही खिशात नव्हता. मग देवाची इच्छा 'जाणणे' म्हणजे नेमके काय जाणणे, आणि ती 'करणे' म्हणजे कोणाच्या बळावर करणे, हा प्रश्न उरतोच; आणि तो केवळ पंडितांचा प्रश्न नाही. बारावी संपवून नागपूरच्या किंवा रायपूरच्या गाडीची वाट पाहत फलाटावर उभा असलेला मुलगा, स्थळाला होकार द्यावा की नकार या विवंचनेत असलेली मुलगी, म्हाताऱ्या आईला गावी ठेवून बदलीवर जावे की नाही हे ठरवू न शकणारा कारकून, हे सारे गुडघे टेकून हाच प्रश्न विचारीत असतात: प्रभो, तुझी इच्छा काय?

या प्रश्नाचा विचार करताना मला आपल्या भाषेतील एक जुना शब्द फार उपयोगी पडला आहे. तो शब्द म्हणजे 'कौल'. मूळचा अरबी, फारसीच्या द्वारे आपल्या दफ्तरात आलेला. त्याचा मूळ अर्थ बोल, वचन. मराठीत येऊन या शब्दाने दोन संसार थाटले. एक देवळात आणि एक कचेरीत. देवळात 'कौल लावणे' म्हणजे मूर्तीला कळ्या किंवा तांदूळ चिकटवून आपल्या मनातील प्रश्न विचारणे, आणि उजवे पडते की डावे, यावरून देवाचा होकार-नकार समजून घेणे. कचेरीतील कौल निराळा. पडीक किंवा रानाखालची जमीन लागवडीस आणावयास जो कुणबी पुढे येई त्याला सरकार कौल लिहून देई: आरंभीची वर्षे सारा माफ किंवा नाममात्र, मग तो थोडा थोडा चढत जावयाचा, आणि कित्येक वर्षांनी पूर्ण आकारास पोहोचावयाचा. या चढत्या आकाराला इस्तावा म्हणत. हा कौल घेऊन माणूस रानात शिरे. कोणते झाड आधी तोडावे, बांध कोठे घालावा, पहिल्या वर्षी कोणते धान पेरावे, यांपैकी एक अक्षरही त्या कागदावर नसे. कौल देणारा कोण, त्याने काय कबूल केले आहे आणि आपल्याकडून त्याची काय अपेक्षा आहे, एवढेच त्यात असे. आणि तेवढ्याच्या भरवशावर तो आपल्या बायकामुलांसह वाघाच्या मुलखात झोपडी बांधी.

ख्रिस्ती माणसाची चूक अशी होते की देवाने त्याला दुसऱ्या प्रकारचा कौल दिलेला असताना तो पहिल्या प्रकारचा मागत राहतो. आपण मूर्तीला कळ्या लावीत नाही हे खरे; परंतु डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडावयाचे, ज्या ओळीवर बोट पडेल ती आपल्या विवाहाविषयीची किंवा शेतीच्या खटल्याविषयीची आज्ञा मानावयाची, उद्या अमक्या वेळेपूर्वी पत्र आले तर जाणे आणि न आले तर राहणे अशी देवाला अट घालावयाची, हे कौल लावणेच होय. आपल्या समर्थनासाठी आपण गिदोनाची लोकर पुढे करतो. पण शास्ते या पुस्तकातील ती कथा नीट वाचली तर असे दिसते की गिदोनाला काय करावयाचे हे आधीच स्वच्छ सांगितले गेले होते. लोकर त्याने ज्ञानासाठी मांडली नाही, मनाचा थरकाप शमावा म्हणून मांडली, आणि देवाने त्याच्या दुर्बलतेला सांभाळून घेतले. त्याहूनही एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. यहूदाच्या जागी बारावा प्रेषित निवडताना शिष्यांनी चिठ्ठ्या टाकल्याचे प्रेषितांच्या कृत्यांत लिहिले आहे. पण पेंटेकॉस्टच्या दिवशी पवित्र आत्मा उतरल्यानंतर मंडळीने चिठ्ठी टाकून काही ठरविल्याचा उल्लेख नव्या करारात पुन्हा येत नाही. ज्याच्या घरात बाप प्रत्यक्ष वावरत आहे त्या मुलाने बापाच्या मनातले ओळखण्यासाठी नाणे उडवावे, यात काही तरी विपरीत आहे हे मंडळीला उमगले असले पाहिजे.

कौल लावण्याच्या मागे एक सूक्ष्म वासना असते, आणि ती अश्रद्धेच्या अगदी जवळची असते. आपल्याला देव नको असतो, देवाकडची माहिती हवी असते. पुढील दहा वर्षांचा तपशील एकदा हाती आला की मग आपण आपले पाहून घेऊ, रोज रोज विचारावयास यावे लागणार नाही, अशी ती वासना. आणि याच्या उलट टोकाला दुसरी एक खोड आहे: मसुदा सगळा आपणच तयार करावयाचा, तारखा घालावयाच्या, हिशेब जुळवावयाचा, आणि मग दरखास्त देवापुढे फक्त सही-शिक्क्यासाठी ठेवावयाची. दोन्हींत अवलंबन नाही. म्हणून इस्राएल लोकांना अरण्यात मान्ना मिळाला तो एका दिवसापुरता मिळाला, आणि उद्याच्यासाठी साठविलेला नासून गेला. ज्या देवाने समुद्र दुभंगला त्याला महिन्याचा शिधा एकदम देणे अवघड नव्हते. पण मग महिनाभर त्या लोकांना त्याची आठवण झाली नसती.

तर मग देवाची इच्छा कळण्याचा मार्ग काय? कौल घेतलेला कुणबी जसा आधी कौलाचा कागद वाचवून घेई, तसे विश्वासणाऱ्याने आधी पवित्र शास्त्र वाचावे, हे पहिले. देवाच्या इच्छेचा न सांगितलेला भाग आपल्याला फार मोठा वाटतो, आणि सांगितलेला भाग लहान वाटतो. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. खरे बोलावे, शत्रूला क्षमा करावी, मजुराची मजुरी अडवू नये, परक्याला घरात घ्यावे, प्रार्थना करावी, सर्व स्थितींत आभार मानावे, ही देवाची इच्छा आहे की नाही यासाठी कोणालाही रात्र जागून काढण्याचे कारण नाही. ती लिहून ठेवलेली आहे. सालेकसातील माणसाने नागपूरची नोकरी धरावी की रायपूरची, हे कदाचित लिहिलेले नाही. पण दोन्ही ठिकाणी लाच घेऊ नये हे लिहिलेले आहे, आणि जो या दुसऱ्या आज्ञेबाबत गंभीर नाही त्याने पहिल्या प्रश्नाचे उत्तर मागण्यात फारसा अर्थ नाही. येशूने एके ठिकाणी स्पष्टच सांगितले आहे की जो देवाची इच्छा करावयास राजी असेल त्याला शिकवण कोणाकडून आहे ते समजेल. तेथे राजी होणे आधी आहे आणि समजणे मागून आहे. आपण हा क्रम उलटा लावतो: आधी समजू दे, मग राजी व्हावयाचे की नाही ते पाहू.

इंग्लंडात ब्रिस्टल येथे जॉर्ज म्युलर यांनी एकोणिसाव्या शतकात हजारो अनाथ मुले सांभाळली, आणि कोणाकडेही वर्गणी न मागता सांभाळली. देवाची इच्छा कशी शोधावी याविषयी त्यांनी आपला अनुभव लिहून ठेवला आहे. त्याचा सारांश असा की, त्या विशिष्ट बाबतीत आपल्या मनाला स्वतःची अशी इच्छा उरू नये, ही पहिली पायरी, आणि बहुतेक अडचण तेथेच असते. मग केवळ भावनेवर न विसंबता शास्त्र आणि पवित्र आत्मा यांना एकत्र धरून चालावे, घडणाऱ्या गोष्टींकडे लक्ष द्यावे, प्रार्थना करावी, आणि एवढे झाल्यावर आपल्या बुद्धीने शांतपणे निर्णय घ्यावा. शेवटच्या पायरीवर बुद्धी आहे, हे मला महत्त्वाचे वाटते. देवावर अवलंबणे म्हणजे बुद्धीला रजा देणे असे म्युलर यांनी कोठेही मानले नाही. त्यांनी तिला फक्त तिच्या योग्य जागी, म्हणजे गुडघ्यांवर बसविले.

म्युलर यांचे चरित्र ज्या मराठी स्त्रीने वाचले आणि या देशातही देवावर असा भरवसा टाकता येईल काय, असा प्रश्न स्वतःला विचारला, तिचे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. पंडिता रमाबाईंनी मुंबईत १८८९ साली शारदा सदन काढले आणि पुढे ते पुण्यास नेले. संस्थेच्या खर्चाला हातभार लागावा म्हणून केडगाव येथे जमीन घेऊन त्यांनी फळझाडे लावली. त्या जमिनीचा त्यांच्या मनातील उपयोग एवढाच होता. मग १८९६–९७ चा दुष्काळ आला आणि त्याचा तडाखा मध्य प्रांताला, म्हणजे आपल्याच या मुलखाला, फार मोठा बसला. रमाबाईंनी आपले आईबाप आणि बहीण पूर्वीच्या एका दुष्काळात गमावली होती. भूक म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून शिकावयाचे नव्हते. त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या, दुष्काळी छावण्या पाहिल्या, निराधार मुलींना कोण कोण आणि कशासाठी घेऊन जाते ते पाहिले, आणि तीनशे मुली आणावयाच्या असे त्यांच्या मनाने घेतले. हाताशी असलेल्या पैशात ते बसत नव्हते. त्याच सुमारास प्लेगामुळे पुण्यात निर्बंध आले आणि आणलेल्या मुली शहरात ठेवता येईनात. तेव्हा त्यांना केडगावच्या शेतावर न्यावे लागले. तेथेच मुक्तिसदन उभे राहिले.

या हकिकतीत देवाची इच्छा कोणत्या क्षणी 'कळली', असे कोणी विचारले तर काय सांगावे? जमीन घेताना ती कळली नव्हती, तरी जमीन तिच्यासाठीच घेतली गेली होती. दुष्काळाच्या बातमीने ती अर्धी कळली; छावणीतील एका मुलीच्या चेहऱ्याने ती पुरती कळली असेल; आणि प्लेगाच्या निर्बंधांनी, म्हणजे अडथळ्याच्या रूपाने, तिने जागा दाखविली. प्रेषित पौलाचेही असेच झाले. बिथुनियात जावयास निघाला असता त्याला वाट बंद झाली, आशियात बोलू दिले गेले नाही, आणि त्रोवसच्या समुद्रकिनाऱ्यावर, जेथे पुढे जमीनच नव्हती तेथे, मासेदोनियाची हाक त्याला ऐकू आली. बंद दारे मोजीत तो घरी बसला असता तर किनाऱ्यापर्यंत पोहोचलाच नसता. चालणाऱ्यालाच वळण दाखविता येते; आणि रमाबाई चालत होत्या.

जाणण्याविषयी येथवर पुष्कळ झाले. पण मानवी जीवनाचे अधिक दुःख न कळण्यात नाही, कळूनही न करण्यात आहे. बाबा पदमनजी यांनी 'अरुणोदय' या आत्मचरित्रात आपल्या मनाची जी दीर्घ ओढाताण नोंदविली आहे, ती ज्याने वाचली असेल त्याला हे सांगावयास नको. बुद्धीला पटलेले आहे, अंतःकरण वळलेले आहे, आणि तरीही घरची माया, जातीचा धाक आणि उद्याची भीती यांच्यापुढे पाऊल उचलत नाही. १८५४ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा त्यांना नवीन माहिती मिळाली होती असे नव्हे. मिळाले होते ते बळ. आणि बळाविषयी शास्त्राची शिकवण माणसाच्या अभिमानाला फार अप्रिय अशी आहे: देवाची इच्छा करण्याची शक्ती तर देवाकडून यावीच लागते, पण ती करावी अशी इच्छासुद्धा तोच उत्पन्न करतो, असे पौलाने फिलिप्पैकरांस लिहिले. म्हणजे आपण कौलाचा कागद देवाकडून घ्यावयाचा आणि कुऱ्हाड मात्र आपल्या घरची आणावयाची, असा हा व्यवहार नाही. बियाणे, बैल आणि कसणाऱ्याच्या मनगटातील जोर हे सारे धन्याचेच. यात माणसाला उणेपणा वाटतो तो त्याने स्वतःला मक्तेदार मानलेले असते म्हणून. पुत्र मानले तर तीच गोष्ट आनंदाची होते.

गेथशेमाने बागेत ही गोष्ट सर्वांत खोलवर दिसते. तेथे पुत्राला बापाची इच्छा ठाऊक नव्हती असे म्हणता येत नाही. ती ठाऊक होती म्हणूनच घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता. प्याला टळावा अशी इच्छा त्याने लपविली नाही, आणि ती इच्छा बापाच्या हाती देऊन टाकावयासही तो चुकला नाही. देवावर अवलंबणारा माणूस निरिच्छ, कोरडा आणि सुखदुःखांच्या पलीकडे गेलेला असतो, ही समजूत या बागेत टिकत नाही. तो रडतो, तीन वेळा तीच प्रार्थना करतो, मित्रांना जागे राहण्याची विनवणी करतो; आणि मग उठतो आणि आपल्याला धरावयास येणाऱ्यांना सामोरा जातो. त्या उठण्यात जे बळ होते ते प्रार्थनेच्या आधी मागता आले नसते, कारण ते प्रार्थनेतच मिळाले.

टिळकांनाही ही किंमत द्यावी लागली. बाप्तिस्म्यानंतर पत्नी लक्ष्मीबाई आणि मुलगा त्यांच्यापासून दुरावले, आणि ती ताटातूट चार-पाच वर्षे चालली. या काळातील त्यांच्या वागण्यात मला देवाच्या इच्छेविषयीचा एक मोठा धडा दिसतो. आपल्या पत्नीने ख्रिस्ती व्हावे ही देवाची इच्छा आहे असे टिळकांना वाटत असणार; तरी ती इच्छा त्यांनी हुकमासारखी तिच्यावर बजावली नाही. दोघे पुन्हा एकत्र राहू लागल्यावरही लक्ष्मीबाई आपले सोवळे पाळीत होत्या, आणि टिळक त्यांना ते पाळू देत होते. विटाळाची भिंत त्यांच्या मनात ढासळली ती त्यांच्या स्वतःच्या विचाराने, माणसामाणसांतील हे भेद देवाने केलेले नाहीत अशी खात्री त्यांची त्यांना पटली तेव्हा. आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो कोणाची पत्नी म्हणून नव्हे, स्वतःची श्रद्धा म्हणून. लक्ष्मीबाईंचे 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र वाचताना वाटते की टिळकांनी तेव्हा घाई केली असती तर मराठीला हे पुस्तक मिळाले नसते. देवाने मला दिलेला कौल माझ्या जमिनीपुरता आहे. शेजाऱ्याच्या, पत्नीच्या, मुलाच्या जमिनीचा कौल त्यांना तोच देईल. 'देवाची इच्छा आहे' हे शब्द उच्चारून दुसऱ्याला वाकविणे, हा त्या नावाचा सर्वांत मोठा गैरवापर होय, आणि तो पाळकांकडून, आईबापांकडून, नवऱ्यांकडून वारंवार झाला आहे हे कबूल केले पाहिजे.

त्याच नावाचा दुसरा गैरवापर सांत्वनाच्या प्रसंगी होतो. स्कॉटलंडचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरास आले. शाळा चालविता चालविता त्यांनी विदर्भाचे खडक अभ्यासले, आणि गोंडांची भाषा व परंपरा आदराने टिपून घेतल्या. कचारगडाशी ज्याचे नाव जोडलेले आहे त्या लिंगोची गाथा त्यांनी लिहून घेतली, आणि त्यांच्या कागदपत्रांतून ती १८६६ साली प्रसिद्ध झाली. ती छापलेली पाहावयास ते नव्हते. १८६३ च्या पावसाळ्यात टाकळघाटाहून परतताना पुराच्या पाण्यात ते बुडाले. अशा मृत्यूच्या वेळी लोक घराच्या दाराशी येऊन 'देवाची इच्छा' म्हणतात आणि परत जातात. म्हणणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. परंतु लाजराच्या थडग्यापाशी येशू रडला, त्याने तेथे कोणालाही अशी समजूत घातली नाही, हे आपण विसरता कामा नये. मृत्यूला शास्त्र शत्रू म्हणते. जे जे घडते ते ते सर्व देवाला प्रिय आहे, असे ख्रिस्ती श्रद्धा सांगत नाही. जे घडते त्यातील काहीही त्याच्या हाताबाहेर जाऊन निकामी होत नाही, असे ती सांगते. या दोन विधानांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिले दुःखी माणसाला देवापासून दूर लोटते, दुसरे त्याला रडण्यासाठी देवाचा खांदा देते. हिस्लॉप यांनी टिपलेले कागद पुरात वाहून गेले नाहीत, आणि लिंगोची कथा अभ्यासणाऱ्यांना आजही त्यांच्याकडे वळावे लागते; एवढ्याने त्यांच्या मृत्यूचा अर्थ लागतो असे मी म्हणत नाही, पण एका माणसाने आपल्या दिवसाचे काम त्या दिवशी केले होते, एवढे त्यातून नक्की दिसते.

अवलंबन म्हणजे आळस काय, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्याला उत्तर द्यावयास या तालुक्यातील बांध्या पुरेशा आहेत. पावसाळ्याच्या तोंडाशी पऱ्हे टाकावयाचे, चिखलणी करावयाची, आणि मग गुडघाभर पाण्यात दिवसभर वाकून रोवणी करावयाची. धान पिकविणाऱ्याइतका कष्टाळू माणूस दुसरा नसेल, आणि त्याच्याइतका अवलंबून असलेला माणूसही दुसरा नसेल. पाऊस त्याच्या हाती नाही. पण म्हणून त्याच्या पूर्वजांनी आभाळाकडे पाहत बसण्यात आयुष्य घालविले नाही. पूर्व विदर्भात कोहळी समाजाने आणि जुन्या मालगुजारांनी गावोगाव तलाव बांधले, १९५१ साली मालगुजारी गेली तरी माजी मालगुजारी तलाव, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेले मामा तलाव, अजून पाणी साठवीत आहेत. तलाव पाऊस पाडीत नाही. पडलेला पाऊस वाया जाऊ देत नाही. रोजची प्रार्थना, नियमित शास्त्रवाचन, मंडळीची संगत आणि वडीलधाऱ्यांचा सल्ला ही साधने अशीच आहेत. त्यांनी देवाची कृपा निर्माण होत नाही, पण ती उतरते तेव्हा धरून ठेवावयास जागा असते. ज्याने तलावच बांधला नाही त्याने ऐन हंगामात पाणी नाही म्हणून आभाळाला बोल लावू नये. निर्णयाच्या आदल्या रात्री प्रथमच गुडघे टेकणाऱ्याची स्थिती पुष्कळदा अशी असते.

आणि पाळ नीट बांधूनही पाऊस ओढ देतो अशी वर्षे येतात. प्रार्थना केली, शास्त्र चाळले, वडिलांना विचारले, आणि तरी दोन वाटा सारख्याच धूसर दिसतात. अशा वेळी काय करावे? मला वाटते, ज्या वाटेवर प्रेम अधिक आहे आणि आपला मोठेपणा कमी आहे ती वाट नम्रतेने धरावी, आणि चुकलो तर वळविणारा जवळ आहे यावर विश्वास ठेवावा. मेंढपाळाचा मोठेपणा मेंढराने कधीच वाट चुकू नये यात नाही. चुकलेले मेंढरू त्याला सापडते यात आहे. चुकण्याची जी भीती माणसाला वर्षानुवर्षे एका जागी खिळवून ठेवते, ती सावधगिरीच्या वेषात आलेली अविश्वासाची भीती असते, आणि तिच्यापुढे कौल देणाऱ्याचे नाव घेऊनच उभे राहावे लागते.

पूर्वी एकेरी रुळांच्या मार्गावर अशी पद्धत असे की गाडी सुटण्यापूर्वी पुढच्या स्थानकापर्यंतचीच परवानगी चालकाच्या हाती दिली जाई. तेथे पोहोचून ती परत करावयाची आणि त्यापुढच्या टप्प्याची नवी घ्यावयाची. नागपूरहून राजनांदगावास जाणाऱ्या चालकाला राजनांदगावपर्यंतची मोकळीक एकदम कधी मिळत नसे. प्रत्येक लहानशा स्थानकावर कोणी तरी हात पुढे करून उभा आहे, या भरवशावर तो रानातून आणि बोगद्यातून गाडी नेई. १८९३ साली त्या डब्यात बसलेल्या टिळकांचे पुढील आयुष्य असेच एकेका टप्प्याने उलगडले: एक पुस्तक वाचण्याचा शब्द, मग बाप्तिस्मा, मग ताटातूट, मग पुनर्मीलन, मग अहमदनगरची आणि राहुरीची सेवा. शेवटी १९१७ साली, मिशनचा पगार सोडून, ख्रिस्ती संन्यासी म्हणून ते बाहेर पडले आणि 'देवाचा दरबार' मांडण्याच्या ध्यासाला लागले, तेव्हा त्यांच्या वयाची पंचावन्न वर्षे उलटली होती, हाती ठरलेले उत्पन्न नव्हते, आणि पुढे आयुष्य दोन वर्षेही उरलेले नव्हते. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. 'ख्रिस्तायन' अपुरेच राहिले. ते लक्ष्मीबाईंनी पुढे पूर्ण केले. ज्या पत्नीच्या मनाची त्यांनी वाट पाहिली होती तिच्याच हाती त्यांचे अपुरे काम सोपवावयाचे, हे कोणत्या टप्प्याच्या परवानगीत लिहिले होते?

आजही सालेकसाच्या फलाटावर पहाटेच्या गाडीसाठी माणसे उभी असतात. कोणी कामाच्या शोधात, कोणी रुग्णाला घेऊन, कोणी पहिल्यांदाच घर सोडून. त्यांपैकी ज्याच्या पिशवीत नवा करार असेल त्याला मी एवढेच सांगेन की, तुझ्या उभ्या जन्माचा तपशील तुला आज मिळणार नाही, आणि तो मिळत नाही म्हणून देवाने तोंड फिरविले आहे असे समजू नकोस. कौल तुला मिळालेला आहे. तो ज्याने दिला त्याच्या हातांवर खिळ्यांचे वण आहेत. आजच्या दिवसापुरते जे तुला स्वच्छ दिसते आहे ते कर, समोरच्या बाकावर बसलेल्या माणसाशी ममतेने बोल, आणि पुढचे स्थानक आले म्हणजे पुन्हा हात पुढे कर.